कंधारला घरजावई

अप्पा जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत शिवानीची आई, अव्वा, 'हाव' आणि 'न्हाई' यापलीकडे फारसं बोलली नव्हती. सोमवारपासून नांदेडला शिवानी शिकवायची त्या कॉलेजातले तास सुरू होणार होते. अव्वाला लातूरच्या घरात एकटं ठेवायचं, की सोबत न्यायचं? विचारलं की अव्वा म्हणायची, "तू म्हणशील तसं." जिने जन्मात कुणाचं ऐकलं नाही ती बाई असं बोलायला लागली, याचीच शिवानीला जास्त धास्ती वाटत होती.

शनिवारी सकाळी तिने अप्पांचा कॉम्प्युटर उघडला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावलेले अप्पा निवृत्तीनंतर एका खेळात रमले होते. आठशे वर्षांपूर्वीचं जग नकाशावर मांडलेलं; त्यातलं एक राज्य घ्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. अप्पांनी कंधार घेतलं होतं. शेजारी सगळे दांडगे. राजा अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, अप्पांनी ठेवला तिथंच थांबलेला.

शिवानीने इतिहासाची पुस्तकं रग्गड वाचली होती, पण इथं तिचं काही चालेना. एक चौकट मिटवावी तर दोन उघडत. कारभारी रुसलेला, कुठला तरी किल्लेदार अजून एक गाव मागतोय. कोपऱ्यातली तारीख कशी धावायला लावायची, एवढं तिला उमगलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिने जाऊन वरण उतरवलं, कांदा चिरला आणि परत आली, तर खेळात दोन वर्षं उलटली होती आणि राजा मेला होता.

ती पडद्याकडे नुसती बघत राहिली.

"काय झालं गं?" अव्वा दारात उभी होती.

"अप्पांचा राजा गेला. मी फक्त कुकर बघायला गेले होते, अव्वा."

अव्वा खोलीत आली. मग म्हणाली, "त्या दिशी मीबी मेथी आणायलाच गेल्ते. कोपऱ्यावर."

शिवानीने दुसरी खुर्ची ओढली. अव्वा बसली. पदराने चष्मा पुसला.

"आता गादीवर कोण?"

"त्याची मुलगी. एकोणीस वर्षांची. लग्न व्हायचंय."

"मंग बघ की स्थळं. बसलीस कशाला?"

उदगीरपासून देगलूरपर्यंत अव्वाने जुळवलेली तीसेक लग्नं तरी असतील. शिवानीने स्थळांची यादी उघडली आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या राजावर बोट ठेवलं. "हा बघ. दहा हजार फौज आहे. कंधारकडे कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही."

"वय?"

"सत्तेचाळीस."

"जळ्ळं ते. आन् पोरं व्हतील ती कुणाच्या घरची?"

शिवानीने खालची बारीक अक्षरं वाचली. "नवऱ्याच्या घराण्याची."

"म्हंजी कंधार आंदणच दिलं की. येवढी शिकलीस, तरी कळंना? घरजावई बघ. धाकटा, बिनजमिनीचा, पण डोक्यानं बरा."

तसाही पर्याय निघाला. मग अव्वाने एकेक स्थळ वाचून घेतलं. एक आळशी निघाला. एक देखणा होता, पण त्याच्या आईचा स्वभाव तापट लिहिला होता.

"नगंच. सासू हितं येऊन बसंल."

अकरा मुलं नाकारल्यावर बाराव्याला अव्वाने मान डोलावली. एका लहानशा सरदाराचा तिसरा मुलगा, अभ्यासू, जरा लाजरा. लग्न लागलं, तसं शिवानीला हसू आलं. अव्वाही हसली आणि उठून तिने दोन ताटं वाढली.

जेवताना अव्वाच म्हणाली, "मी नांदेडला येत न्हाई. हितंच राहते."

"एकटी?"

"महिनाभर बघते. जमलं न्हाई तर फोन करीन. तवा गाडी घेऊन यायचं, पुसत बसायचं न्हाई. तवर दर शनवारी ये."

शिवानीने भाकरी मोडली. 'तू म्हणशील तसं' असं म्हणायची पाळी आता तिची होती.

"आणि कंधारवर उत्तरेचा शेजारी राजा चालून आला तर?"

"लढाई तुझी. ते मला कळत न्हाई," अव्वा म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. "पाहुण्यारावळ्यांचं मी बघते. त्या रुसलेल्या कारभाऱ्याला पोरगी हाय का, ते कुठं बघायचं तेवढं जाताना दाखवून जा."