तांब्यातलं ढेकूळ

धम्मपाल हा विहिरी खोदणाऱ्या रामकिसनचा मुलगा. नवी विहीर खोदायला घेतली की बाप मुरमाचं ढेकूळ रात्रभर तांब्यात भिजत टाकायचा. सकाळी अख्खं निघालं तर कडा आपोआप उभ्या राहतील. विरघळलं तर आधी दगडी बांधकाम, नाहीतर माणसं आत गाडली जातील. एवढं साधं शास्त्र.

मुलगा शिकून भूवैज्ञानिक झाला. निवृत्तीनंतर गारखेड्यात राहायला आला. दोन वर्षांपूर्वी लष्करासाठी एक काम आलं होतं: सीमेवरच्या टेकडीत खंदक खणायचे, भिंतींना आधार लागेल का? नमुना पेटीतून आला. धम्मपालनं हातोडा मारला, खणखणीत आवाज आला, आणि त्यानं लिहून दिलं, 'आधाराची गरज नाही.' घाई होती म्हणा हवं तर. खरं सांगायचं तर साहेब झालेल्या माणसाला बापाच्या तांब्याची लाज वाटली.

आता लढाई पेटली होती आणि जावई राजकुमार त्याच टेकडीवर होता. सकाळीच त्याचा फोन आला. "मामा, साहेबानं कागद दावला. खाली तुमची सही! लई भारी वाटलं बघा. आधाराच्या लोखंडी चौकटी दुसऱ्या चौकीवर पाठवल्या, इथं जमीन पक्की हाय म्हणून."

धम्मपालनं फोन ठेवला. त्या नमुन्याचा उरलेला तुकडा टेबलावर कागद दाबायला ठेवलेला होता. त्यानं तो तांब्यात टाकला. रात्रभर कशाला, चहा निवेपर्यंत त्याचा चिखल झाला.

अहवाल मागवणाऱ्या लष्करी कार्यालयात त्यानं फोन लावला. तिथला अधिकारी म्हणाला, "अहवाल बदलायचा तर नवा नमुना लागेल, सर. तिथं आता कोण जाणार?" राजकुमारचा फोन बंद. 'बाहेर पड' असा निरोप लिहिला, पण बाहेर तर तोफगोळे पडत होते. तरी त्यानं पाठवला. एकच टिक आली.

संध्या, त्याची मुलगी, बातम्या बघून आत आली. "पप्पा, तिकडं कालपासून पाऊस लागलाय म्हणं. त्यांचा खंदक पक्का हाय ना? तुम्हीच तपासलंय नं?"

"व्हय," धम्मपाल म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तिचा चेहरा उजळला. तिनं तांब्यातलं गढूळ पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं आणि तांब्या घासायला घेतला.