आतली कडी

कुलपात किल्ली फिरली तेव्हा वहिनी नुकती न्हाऊन बाहेर आली होती. ओल्या केसांना पंचा गुंडाळून ती स्वयंपाकघराकडे वळणार, तोच दार उघडलं आणि तीन माणसं शिडी घेऊन सरळ आत आली.

"आम्हीच हो, वहिनी! चालू द्या तुमचं!"

चालू काय देणार? ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष छताकडे बघत होते, दुसरे दोघे ओलीचे डाग शोधत होते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि तेवढीच काय ती मेहरबानी.

घर तिचं होतं, दारही तिचंच होतं. किल्ली मात्र बंधुमंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात असायची.

हे मंडळ वाईट माणसांचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसांशी भांडता तरी येतं. दुकानदार, कारकून, शिक्षक अशी चांगली घरदार असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी बाह्या सरसावून विहिरी उपसत, शाळेची कौलं बदलत. एकमेकांना बंधू म्हणत आणि मेलेल्या बंधूच्या बायकोला कधी उघड्यावर पडू देत नसत. वहिनीचा नवरा आजारपणात गेला तेव्हा दवाखान्यापासून सरणापर्यंत सगळं त्यांनीच निस्तरलं. त्या दिवसापासून घरचा किराणा आणि औषधं मंडळाकडून येऊ लागली आणि ती सगळ्या गावाची वहिनी झाली. तिचं स्वतःचं नाव सासूबाईंखेरीज कुणाला आठवत असेल की नाही, देव जाणे.

पुढे एकदा सासूबाई घरात पाय घसरून पडल्या. वहिनी बाजारात गेली होती, आतून कडी होती, दार फोडावं लागलं. दुसऱ्याच दिवशी बंधूंनी नवं दार बसवलं, आतली कडी काढून टाकली आणि एक किल्ली अडीअडचणीसाठी स्वतःकडे ठेवली. अडचण पुन्हा आली नाही. बंधू मात्र येत राहिले.

वर्षातून एकदा सेवादिन असे. त्या दिवशी बंधू वहिनीचं घर रंगवत आणि दुसऱ्या गावच्या शाखांचे पाहुणे ते बघायला येत. सेवा बंधूंची, चहा करणं, पोहऱ्याने विहिरीचं पाणी काढणं, कपबश्या विसळणं वहिनीचं. शेवटी दारात फोटो. फोटोवाला दरवेळी म्हणे, "हसा वहिनी. नाही, एवढं नको." मागच्या वर्षी हौशी बंधूंनी खिडक्यांना इतका जाड रंग फासला की तावदानं चौकटीला चिकटून बसली. तेव्हापासून माजघरात वारा नव्हता. पण फुकटच्या रंगाला नावं ठेवायची कोणत्या तोंडाने?

"या रविवारी पाहुणे जास्त आहेत," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "आणि वहिनी, ते चष्म्याच्या दुकानाचं मनातून काढून टाका. तुम्हाला काय कमी आहे?"

केसांचा पंचा सोडता सोडता वहिनीचा हात थांबला. हे तिने सासूबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिच्या वडिलांचा चष्म्यांचाच धंदा होता. काच घासून चौकटीत अचूक बसवायला ती लग्नाआधीच शिकली होती. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचे हात आता कापत होते, म्हणून त्यानेच विचारलं होतं, "सोमवारपासून याल का?" चार दिवस ती मनातल्या मनात काचा घासत होती. इतक्या वर्षांत तिला काहीतरी देणारे शंभर भेटले होते, काहीतरी मागणारा हा पहिलाच.

ती तशीच दुकानात गेली. चष्मेवाला मान वर करेना.

"अध्यक्ष येऊन गेले. तुमच्या वतीने नाही म्हणाले."

"माझ्या वतीने? मला न विचारता?"

"बंधूची बायको दुकानात बसली तर मंडळाची शोभा होईल म्हणाले. लोक म्हणतील, यांनी वाऱ्यावर सोडली." त्याने हातातली काच उगाचच पुसली. "मीही बंधूच आहे, वहिनी; बैठकीत तोंडून निघून गेलं. मला का मध्ये घालता?"

घरी आल्यावर तिने खिडकी उघडून बघितली. उघडली नाही. मग खिडकीवरच डोकं टेकून ती रडली. तिला पहिल्यांदाच त्या लोकांचा मनापासून राग आला होता, आणि ज्यांचं अन्न खाल्लं त्यांचा राग आल्याची लाजही वाटत होती.

सासूबाईंना दिसत कमी असलं तरी ऐकू सगळं येत होतं. त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"हे गेले तेव्हा मला बालवाडीत शिकवायला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, आम्ही असताना तुम्ही का राबायचं? मी ऐकलं. लोकांनी काय कौतुक केलं माझं! त्या कौतुकावर जन्म काढला बघ मी."

"आई, त्यांनी मदत थांबवली तर तुमची औषधं?"

"तू काचा घासशील ना? मग घेऊ." त्यांनी पलंगाखाली हात घातला. "माझी पेटी ओढ. तळाशी फडक्यात कडी आहे. त्या दिवशी काढली, ती मी ठेवून दिली होती."

शनिवारी दुपारी वहिनीने बापाचा पेचकस शोधून काढला. नव्या दाराचं लाकूड कठीण होतं, तळहाताला फोड आले. कडी जराशी तिरकी बसली, पण बसली.

रविवारी सकाळी अंगणात डबे आदळले, शिडी टेकली. पाहुण्यांचा घोळका फाटकापाशी थांबला. किल्ली कुलपात फिरली. दार हललं नाही. पुन्हा फिरली. मग खांद्याचा धक्का.

"कोण आहे?" आतून वहिनीने विचारलं.

हा प्रश्न त्या दारात त्यांना कधी कुणी विचारला नव्हता.

"आम्हीच, वहिनी. दार अडकलंय वाटतं."

"अडकलं नाही. कडी लावलीय. काय काम होतं?"

काय काम होतं! अध्यक्षांनी रंगाच्या डब्यांकडे बघितलं. वहिनीने कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिने चौकट घट्ट धरली.

"तुमचे उपकार मी विसरलेली नाही. पण घर या वर्षी रंगवायचं नाही. आणि ती किल्ली मला द्या."

"पाहुण्यांसमोर हे शोभतं का?" अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. "मंडळाने हात काढून घेतला तर काय कराल?"

"तेच तर ठरवायचंय." तिची नजर घोळक्यात फिरली. चष्मेवाला रंगाचा डबा धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. "उद्या दुकान उघडायच्या वेळी मी तिथे असेन. परत पाठवायचं असेल तर तुम्ही स्वतः पाठवा. माझ्या वतीने कुणी बोलायचं नाही."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. मग हातातला डबा त्याने हळूच जमिनीवर ठेवला.

पाहुणे बघत होते. किल्ली तिच्या तळहातावर पडली. अध्यक्षांच्या मुठीत राहून ती गरम झाली होती.

"कडी लाव गं," आतून सासूबाईंचा आवाज आला.

तिने लावली. मग भाजीची सुरी घेऊन ती माजघराच्या खिडकीशी बसली आणि चौकटीतला रंग खरवडू लागली. रंग जाड होता. बाहेर माणसं अजून कुंचले धरून उभी होती. इतकं भलं करूनही आपलं काय चुकलं, हे एकमेकांना विचारत होती. कुणीतरी मागे वळून दार वाजवलं असतं, तर तिने सांगितलंही असतं.