हिरव्या डब्याला काळं झाकण

शुवाई नवं झाकण घेऊन ग्वेरूच्या बाजारातून परतली, तेव्हा बाबा अंगणात कचऱ्याच्या डब्यापाशी बसून जुनं झाकण शिवत होते. खरोखर शिवत होते. तड्याच्या दोन्ही कडांना तापल्या खिळ्याने भोकं पाडून त्यांतून तार ओवत होते. उन्हाने प्लास्टिक शेंगेच्या टरफलासारखं झालेलं. एक टाका घातला की शेजारी नवी चीर.

"बाबा, सोडा आता. कुत्री रोज माशाचे काटे दारात पसरतात."

"टिकेल अजून दोन वर्षं."

"झाकण टिकेल, शेजारी टिकायचे नाहीत!" भिंतीपलीकडून प्रिस्का वहिनी ओरडली. ती शुवाईच्या चुलतभावाची बायको. तिचे कान कायम या अंगणात.

बाबा हसले आणि हार मानली. मुठीजवळच्या दोन खुंट्यांनी जुनं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं. शुवाईने त्यांच्यावर साबणाचं पाणी सोडलं, बाबांनी हलक्या हाताने ठोकून त्या बाहेर काढल्या. मग तिने नवं झाकण भोकं जुळवून धरलं आणि त्यांनी खुंट्या आत सारल्या. डबा हिरवा, झाकण काळं.

"दुसऱ्याची टोपी घातल्यासारखा दिसतोय," बाबा म्हणाले. मग हात पुसता पुसता, नेहमीचंच: "तू हरारेला परत जा, आई. चांगल्या शाळेतली नोकरी सोडून आलीस, ती काय म्हाताऱ्याचा कचरा काढायला? माझ्यामुळे अडकलीस तू."

लेकीला ते आईच म्हणत. आणि हे शब्द नुसते बोलण्यापुरते नव्हते. ते त्यांना आतून खात होतं. खरं तसं नव्हतं, हे सांगायचं शुवाईच्या अगदी ओठांवर आलं.

"पगार इथेही मिळतोच की," ती म्हणाली. "चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. बायका चटयांवर बसल्या, अंगणात मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा घोटला जाऊ लागला. शुवाई कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून होती. विचारेल त्याला सांगत होती, हो, झोपेतच गेले. पण जाताना ते ओझं तसंच घेऊन गेले, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

तेवढ्यात प्रिस्का वहिनी उठली. गेलेल्या माणसाची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवणं हा घरच्या सुनांचा हक्क. अंगात बाबांचा कोट, डोक्यावर त्यांची टोपी, उजवा पाय बाबा ओढायचे तस्साच ओढत ती डब्यापाशी गेली. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"काळं!" तोच घोगरा आवाज. "हिरव्याला काळं! रेल्वेत नोकरीला असताना असली जोडणी केली असती, तर इंजिन पुढे गेलं असतं आणि डबे ग्वेरूतच!"

बायका खो खो हसल्या. आत्याने डोळे पुसले. "अगं बाई, अगदी तोच! मेला तरी तोंड मिटेना माझ्या भावाचं."

"आणि तू!" कोट शुवाईकडे वळला, बोट रोखलं गेलं. "अजून इथेच? माझ्यामुळे अडकलीस ना, आई?"

अशा वेळी काहीतरी चटकदार परतवायचं असतं. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शुवाई उठली, त्या टोपीसमोर जाऊन उभी राहिली. हसू हळूहळू ओसरलं.

"अडकले नव्हते, बाबा," ती म्हणाली. "मला तुमच्याजवळ राहायचं होतं. म्हणून आले. दुसरं काही कारण नव्हतं."