पोटखराब सहा गुंठे

बापूसाहेबांचा कायदा सरळ होता: जिथं गर्दी, तिथं खरं. बाजारात भेळेच्या गाड्याला जो न्याय, तोच इंटरनेटला. नव्व्याण्णव साली बारामतीत इंटरनेट म्हणजे काय हे कुणाला धड सांगता येत नव्हतं, पण बापूसाहेबांनी आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाची वेबसाइट काढलीसुद्धा. तिच्यावर दोन पानं. एक दुकानात काम करणाऱ्या सोमनाथचं, विकायच्या जागा-जमिनींचं. दुसरं करुणाचं, भाषांतराचं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला की इंग्रजी अर्थ समोर. निमगाव केतकीहून रोज एसटीनं ये-जा करत करुणानं वर्षभरात साडेअकराशे शब्द भरले होते, एकटीनं.

दोन्ही पानांच्या तळाशी आकडा होता. कुणी पान उघडलं की तो एकानं वाढायचा.

"जमिनींच्या फोटोंनी वेबसाइटची जागा खाल्ली," एके सकाळी बापूसाहेब म्हणाले. "पुण्याची कंपनी ह्याहून जास्त जागा देत न्हाय. म्हैनाअखेरीला ज्याचा आकडा कमी, ते पान बंद."

पान बंद म्हणजे करुणाचं कामही बंद. तेवढं समजायला तिला डिक्शनरी लागत नव्हती. जमिनी एकोणीसशे चाळीस, भाषांतर चारशे बारा. कसली बरोबरी न् कसलं काय!

"शब्द काय, तोंडात असत्यातच," सोमनाथनं टोमणा मारला. "माणूस जमीन बघतंय."

"बघ की मग. डोळे फाडून बघ," करुणा म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. तिला रडू येत होतं आणि त्याला ते दाखवायचं नव्हतं.

चारच दिवसांनी ईमेल आली. म्हैसूरकडचे एक शेतकरी. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून इकडं जमीन शोधत होते. सांगवीच्या लीलाबाईंची दोन एकर त्यांनी पानावर पाहिली होती. विचारत होते, ह्या जमिनीत सहा गुंठ्यांना पोटाचा आजार आहे असं लिहिलंय, तो पाण्यामुळं होतो का? गुरांनाही होतो का?

सोमनाथचा चेहरा पडला. सातबाऱ्यावरचं 'पोटखराब' त्यानं इंग्रजीत करून टाकलं होतं, आणि केलं होतं ते करुणाच्याच पानावरून. तिच्या यादीत पोट होतं, खराब होतं. पोटखराब नव्हतं.

"तुझ्याच पानानं सांगितलं," तो पुटपुटला.

आता बापूसाहेबांना हे कळलं की संपलंच. ईमेल पुसून टाकावी, असं करुणाच्या मनात येऊन गेलं. कोण बघायला येणार होतं? पण लीलाबाईंचं गिऱ्हाईक जाणार होतं आणि चूक तर आपली. तिनं ईमेल छापून पर्समध्ये घातली आणि घरी जाऊन वडिलांना, अप्पांना, मराठीत वाचून दाखवली.

अप्पा आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "जिथं नांगर चालत न्हाय ती जागा, पोरी. वढा, खडक, नाल्याचा काठ. सातबाऱ्यावर धरत्यात, पिकात धरत न्हाईत. पर तिला खराब म्हणतोय तो कागद. आपली शेरडं कुठं चरत्यात? तितंच की."

करुणानं अप्पांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं, शेरडांसकट. चूक माझी, हेही लिहिलं. लीलाबाईंच्या सहा गुंठ्यांत काय आहे ते सोमनाथ सांगवीला जाऊन बघून आला. ओढा होता, काठाला करंजाची झाडं. तेही तिनं लिहिलं आणि उत्तर पाठवून दिलं.

महिनाअखेर आली. जमिनी दोन हजार सहाशे, भाषांतर पाचशे तीन. बापूसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "करुणा, वाईट वाटून घेऊ नगंस."

"आधी ही ईमेल वाचा," सोमनाथ मधेच म्हणाला. त्यानं कागद करुणाच्या हातात दिला. "मराठीत सांग. मोठ्यानं."

म्हैसूरकरांचं उत्तर होतं. करुणा वाचू लागली. "तो ओढाच मला हवा आहे. माझ्या मधमाश्यांना पाणी आणि करंज, दोन्ही लागतं. पुढच्या आठवड्यात जमीन बघायला येतो." तिनं पुढची ओळ वाचली. "तुमच्या पानावरच्या तीस जमिनी मी पाहिल्या. चौकशी एकीचीच केली. बाकीच्या एकोणतीस जमिनींचं इंग्रजी मला कळलंच नाही."

बापूसाहेबांनी चष्मा डोळ्याला लावला आणि कागद मागून घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी दोनदा वरून खाली पाहिला. मग स्क्रीनवरच्या दोन हजार सहाशेंकडं पाहिलं.

"एवढी माणसं आली," ते सावकाश म्हणाले, "आन् न कळताच माघारी गेली?"

"व्हय," सोमनाथ म्हणाला. "म्हैनाभर मी त्येच मोजत बसलोय."

 बापूसाहेब सोमनाथवर खेकसले, "मग बसलायस काय? फोटो काढून टाक निम्मं, तिच्या पानाला जागा मोकळी कर. आन् त्या एकोणतीस जमिनी नीट इंग्रजीत करायला दे तिच्याकडं!"

करुणा हसली, आणि डोळे भरले ते भरलेच. "सोमवारपर्यंत होतील," ती म्हणाली.