मध्यंतराचं फाटक

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या हेबलथॉर्पचा रग्बी लीग क्लब गॅविन थिसलवुड नावाच्या गृहस्थाने विकत घेतला, ही बातमी गावात मंगळवारी आली आणि बुधवारी दुपारपर्यंत डोरीन हेगने दोन पत्रं लिहून तयार ठेवली. डोरीन आमच्या चाहता मंडळाची चिटणीस. एक पत्र आभाराचं, दुसरं निषेधाचं. तारीख दोन्हींवर नव्हती. "माणूस कसा निघतो ते बघू," ती म्हणाली, "पण टपालखर्च एकाचाच मंजूर आहे."

थिसलवुडने पैसा केला होता तो कुत्र्यांच्या विम्यात. त्यावरून गावात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ज्याला लंगड्या कुत्र्यातून नफा काढता येतो त्याला आमच्या आघाडीच्या फळीतूनही काढता येईल. दुसऱ्या तटाचं म्हणणंही तेच होतं, फक्त ते रागाने म्हणायचे. अकरा वर्षं आम्ही "कोणीतरी पैसेवाला यायला हवा" म्हणून उसासे टाकत होतो. आता तो आला होता, आणि तो पैसेवाला आहे याचाच आम्हाला राग आला होता. त्यातून माणूस डोंगरापलीकडचा, चेशरचा, म्हणजे आमच्या लेखी परकाच.

पहिल्या सभेला तो पांढरेशुभ्र बूट घालून आला आणि म्हणाला, "आपल्या पंधरा शूर वीरांसाठी मी जिवाचं रान करीन."

पंधरा गडी त्या दुसऱ्या रग्बीत असतात, दक्षिणेकडच्या, शाळेची टाय लावून खेळायच्या. आमच्यात तेरा. हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

"वरचे दोन स्वतःच्या खर्चाने आणणार असेल," डोरीन म्हणाली, आणि आभाराचं पत्र पर्समध्ये खोल सारलं.

शेजारी बसलेल्या हॅरल्ड क्रॅबट्रीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं, की हात तोडून देईन पण या माणसाशी हात मिळवणार नाही.

मंडळातला विल्फ लम्ब तेवढा सभागृहाच्या दाराची कडी निरखत होता. त्याला क्लब कोणाचा याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला फाटकाशी कर्तव्य होतं.

आमच्याकडे मध्यंतरात लोक टोक बदलतात. पहिल्या डावात आपली पोरं रेल्वेकडच्या खांबांवर चाल करतात, म्हणून आपण त्या खांबांमागे उभे. दुसऱ्या डावात पोरं गिरणीच्या दिशेने खेळणार, की आपणही चहाचा पेला सांभाळत मैदानाच्या कडेकडेने गिरणीच्या टोकाला. सगळं गाव, दहा मिनिटांत. कोणाला सांगावं लागत नाही. क्रॅबट्री गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता, तेव्हा रविवारी पावणेचारला तो खाटेवर आपोआप फिरून पायथ्याशी डोकं करून झोपला, असं नर्सने सांगितलं.

या वाटेवर अर्ध्यात एक लोखंडी फाटक लागतं. मध्यंतराला ते उघडायचं, लोक पलीकडे गेले की लावायचं आणि सामना संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं, हे काम विल्फ एकतीस वर्षं करत होता. बिनपगारी. रंगाच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला त्यालाही नऊ वर्षं झाली होती, पण या कामातून निवृत्त व्हायचं असतं हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

थिसलवुडने फाटकाच्या पलीकडे, वरच्या अंगाला, पाहुण्यांसाठी काचेची खोली बांधली. मग विल्फला पत्र आलं. सही इमोजेन नावाच्या बाईंची, हुद्दा 'अनुभव प्रमुख'. काचेसमोरून बाराशे माणसं चहाचे थेंब सांडत जातात, त्याने पाहुण्यांचा अनुभव बिघडतो. सबब फाटक येत्या रविवारपासून कायमचं बंद. सामन्यानंतर किल्ली मालकांच्या हवाली करावी.

विल्फने ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"मग रविवारी मी करायचं काय?" त्याने विचारलं.

"सामना बघ," क्रॅबट्री म्हणाला.

"तो कोण बघतं?"

"आम्ही बघतो की, लेका!"

"तुम्ही टोकं बदलता," विल्फ म्हणाला.

डोरीनने निषेधाच्या पत्रावर तारीख घातली. पण रविवार आधी उजाडला आणि टपाल मागे राहिलं.

पहिला डाव संपला तेव्हा आम्ही बारा गुणांनी मागे होतो. शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. फाटक बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आठवडाभर गावात दुसरा विषयच नव्हता. तरी पाय निघाले. पहिली रांग फाटकाला टेकली, मागून बाकीचे येत राहिले, आणि बाराशे माणसं हातात पेले घेऊन तिथे थांबली. घोषणा नाही, ढकलाढकली नाही. लोक नुसते उभे. आम्हा लोकांना बंद दारासमोर दुसरं काही करायचं शिकवलेलंच नाही. विल्फ किल्ली मुठीत धरून पलीकडच्या बाजूला उभा होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता.

हे दृश्य थिसलवुडने वरून, काचेतून पाहिलं. बाराशे माणसं आपल्या खोलीखाली जमली आहेत, गप्प आहेत आणि वर बघत आहेत. आयुष्यात त्याच्यासाठी इतकी माणसं कधी जमली नव्हती. कुत्र्यांचे मालक असे जमत नाहीत. तो धावतच खाली आला.

"अहो, तुम्ही सगळे... मला कल्पनाच नव्हती," तो म्हणाला. मग विल्फकडे वळून, "हे फाटक बंद का?"

"तुमचाच हुकूम, साहेब."

"माझा? छे! उघडा, उघडा!"

विल्फने फाटक उघडलं. लोक निघाले, आणि वाटेतच थिसलवुड हात पुढे करून उभा. मागून रेटा, समोर हात. हात मिळवल्याशिवाय पुढे सरकायला जागाच नव्हती. "आभारी आहे, आभारी आहे," तो म्हणत होता. क्रॅबट्रीनेही हात मिळवला. चहा सांडला म्हणून तो मागे गेला आणि नवा पेला घेऊन येताना पुन्हा मिळवला.

"तोडून देणार होतास ना?" डोरीनने विचारलं.

"मागून ढकलत होते गं. पण हात फार मऊ आहे हो त्याचा."

"विमा उतरवला असेल."

शेवटचा माणूस गेला तेव्हा दुसरा डाव सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. उरला विल्फ. थिसलवुडने त्याच्यापुढे हात केला. विल्फला वाटलं, किल्ली मागतोय. पत्रात तसंच होतं. त्याने क्षणभर मूठ घट्ट केली, मग ती उघडून किल्ली त्या हातावर ठेवली.

थिसलवुड किल्लीकडे बघतच राहिला. "ही मला? गावातर्फे?"

"ऑफिसनेच तसं कळवलंय," विल्फ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी क्लबने फोटो छापला. मालकांच्या हातात किल्ली, डोळ्यांत पाणी. खाली घोषणा: यापुढे प्रत्येक मध्यंतराला मालक जातीने फाटक उघडतील.

गावात सगळे विल्फची पाठ थोपटू लागले. फाटक वाचलं! डोरीनने तर दोन्ही पत्रं फाडली. विल्फ मात्र दोन आठवडे कुठे बसला नाही. बोलता बोलता उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. "फाटक वाचलं हे खरं," तो म्हणाला, "पण त्याला फाटकातलं काय कळतं?"

दोन आठवड्यांनी, घरच्या पुढच्या सामन्याला तो आमच्यात, रेल्वेकडच्या टोकाला उभा राहिला. मध्यंतराची शिट्टी झाली. आम्ही फाटकाशी पोचलो. पलीकडे थिसलवुड आधीच हजर, शेजारी इमोजेनबाई आणि फोटोवाला. किल्ली लागली, कुलूप उघडलं, आणि फाटक तसूभरही हललं नाही. त्याने ओढलं, ढकललं, फोटोवाल्यालाही ढकलायला लावलं. पाच मिनिटं गेली. मग सहा. मागून कोणीतरी ओरडलं, "पंधरा जणांना बोलव!" हशा झाला, तसा थिसलवुड कानापर्यंत लाल झाला.

"सर," इमोजेनबाई म्हणाल्या, "हे जुनं झालंय. उद्या वेल्डिंगवाल्याला बोलावते आणि कायमचं बंद करून टाकते."

"टाका," थिसलवुड म्हणाला.

डोरीनने विल्फला कोपर मारलं. "बोल ना रे!"

"माझ्याकडे किल्ली नाही."

"किल्ली लागलीय. तुझं तोंड लागायचंय."

विल्फ हलेना. बाराशे माणसं त्याच्याकडे बघत होती. ही एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती, आणि ती न सांगता तो आत्ता ताठ मानेने घरी जाऊ शकत होता. चहा गार होत होता. शेवटी तो वाट काढत पुढे गेला आणि गजांपाशी तोंड नेऊन म्हणाला, "साहेब, त्याला उचलावं लागतं. डावा गुडघा खालच्या बिजागरीपाशी लावा. आणि उचलताना शिवी द्या."

"शिवी?"

"त्याशिवाय जोर येत नाही. मी मेहुण्याला देतो."

थिसलवुडने गुडघा लावला आणि हळूच म्हणाला, "अरेच्चा."

"एवढ्यावर नाही उघडत ते."

थिसलवुडने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पोटातून ओरडला, "तुझ्या लॅब्रॅडॉरच्या खुब्याच्या!" फाटक करकरत उघडलं. त्याच्या धंद्यात सगळ्यात मोठे दावे लॅब्रॅडॉरच्या खुब्याचे येतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मात्र लोकांनी पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या.

सगळे पलीकडे गेले. विल्फ सवयीने मागे थांबला. थिसलवुड फाटक धरून वाट बघत होता.

"तुम्ही नाही जात?"

विल्फने इकडेतिकडे पाहिलं आणि तो गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

गिरणीच्या टोकाला तो आमच्या मधोमध उभा राहिला. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कोणीतरी त्यात चहा दिला, तर त्याने तो दुसऱ्याला दिला. दर मिनिटाला मान मागे.

"कडी नीट बसवली नसेल त्याने."

"सामना बघ," डोरीन म्हणाली.

"बघतोय. खालची कडी आधी घालायची असते. वरची घातली की खालची बसत नाही."

"विल्फ!"

"बघतोय म्हटलं ना!"

तेवढ्यात आमच्या अगदी पुढ्यात, खांबांच्या बरोबर मध्ये, आमच्या पोरांपैकी कोणीतरी झेप टाकली आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. मैदानभर आरोळी उठली. विल्फने दचकून मान वळवली.

"काय झालं?"

"ट्राय."

"कोणी केला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच सांगता येईना. आम्हीही सगळे फाटकाकडेच बघत होतो.