अमावस्येला धावणारी फाईल

अमावस्येच्या सकाळी वडवणीतल्या रुद्रप्पांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नांदूरघाटचे उत्तरेश्वर बुवा कॉम्प्युटरवर भस्म फुंकत होते.

"वायरीत बाधा हाय! आता मंत्र सोडतो, बघा कशी पळती!"

रुद्रप्पांचा मुलगा केदारनाथ लग्नपत्रिका छापायचा. पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून छपाईच्या खोलीत फाईल जायला दुपार सरायची. आज त्यानं बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत फाईल पोचली! लोकांनी हात जोडले.

"बुवा, आमच्या टीव्हीलाबी मुंग्या येतात लई," शेजारचा आसाराम म्हणाला. "तेवढी फुंकर मारा की!"

बुवांनी बोट मात्र नव्या सुनेकडे, रुद्राणीकडे वळवलं. "ही दोन खोल्यांमधली वायर कुणी जोडायला लावली? हिनंच ना? पायगुण! माहेरी धाडा. न्हाईतर उद्या बाधा परत येईल."

आणि दुसऱ्या दिवशी फाईल पुन्हा रखडली. रुद्रप्पांनी लगेच तलवाड्याला, सुनेच्या माहेरी, निरोप धाडला, पोरीला घेऊन जा.

सासूबाई, दानम्मा, चुलीपुढं बसून ऐकत होत्या. भिंतीपलीकडं घरचीच पिठाची गिरणी घरघरत होती. त्यांना एकदम लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. नवाकोरा रेडिओ, गाणं लागायचं, गिरणी सुरू झाली की नुसती खरखर. तेव्हाही सासरे म्हणाले होते, सुनेचा पायगुण.

त्या तडक गिरणीत गेल्या आणि मोटार बंद केली.

"काकू, माझं दळण अर्ध्यात हाय!" एक बाई ओरडली.

"थांब गं जरा. रुद्राणी, आता धाड फाईल!"

फाईल पोचली. मोटार सुरू केली, फाईल रखडली. बंद केली, पुन्हा पळाली. रुद्राणीनं भिंतीवरचा वायरींचा पाईप उघडला. खिळे वाचावेत म्हणून रुद्रप्पांनी मोटारीची आणि कॉम्प्युटरची वायर एकाच पाईपातून नेली होती.

"आत्याबाई, मोटार चालली की शेजारच्या वायरीत गडबड होते. फाईलचे तुकडे खराब होतात, तेच तेच परत पाठवावे लागतात. म्हणून उशीर."

अमावस्येला गिरणी चालवायची नाही, ही घरची रीत. दानम्मांना आठवलं, अमावस्येआधी दोनदा बुवा आले होते आणि गिरणी चालू बघून 'घटका जुळत न्हाई' म्हणत परत गेले होते. दुसऱ्या खेपेला चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, "मावशी, अमावस्येला गिरणी बंदच असती ना?" दानम्मांना वाटलं होतं, दळण असेल.

"अवं, बुवानं गिरणी बंद असलेला दिस गाठला!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"देवाधर्मात तोंड घालू नगंस."

केदारनाथनं कॉम्प्युटरची वायर काढून दुसऱ्या भिंतीवरून नेली. तोवर दारात जीप उभी राहिली. रुद्राणीचा भाऊ वीरेश खाली मान घालून उतरला. रुद्राणीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो वायर गुंडाळत राहिला.

जीप गेली. गिरणी चालू असतानाही फाईल सरसर पोचली.

"बघितलंस?" रुद्रप्पा दानम्मांना म्हणाले. "ती गेली अन् बाधा गेली."

जीप बघून ओसरीवर जमलेल्या लोकांनी पुन्हा हात जोडले.

कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: आज इथं रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं? विचारायला काहीच लागत नाही. त्या घरात तो प्रश्न दोघींनीच विचारला. त्यातली एक जीपमध्ये होती, आणि दुसरीचं कुणी ऐकत नव्हतं.