दाबा आणि थांबा

बटणाची झीज मधोमध नव्हती. गोल पितळी चकतीवरचा रंग डावीकडे, जरा खालच्या अंगाला उडाला होता आणि तिथे अंगठ्याएवढा उथळ खळगा चकाकत होता. उजव्या हाताने सायकल धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा डावा अंगठा नेमका तिथेच पडणार, हे तिने खांबाशी उकिडवं बसल्या बसल्या ताडलं. अलीकडे वस्ती, पलीकडे कारखाने आणि मधून हायवेवरून उतरणाऱ्या गाड्यांचा रस्ता. सायकल हातात धरून तो ओलांडणारेच इथे जास्त.

रस्ता ओलांडणाऱ्यांनी गाड्या थांबवण्यासाठी दाबायचं हे झिजलेलं बटण बदलायचं, एवढंच सिग्नल खात्यातलं तिचं आजचं काम होतं. नवं बटण तिच्या पिशवीत होतं. जुन्या बटणामागची वायर मात्र सिग्नलच्या पेटीत येऊन नुसतीच लोंबत होती. गेल्या वर्षी ती तिनेच काढली होती.

कारण खोटं नव्हतं. सकाळी कारखान्यांच्या वेळेला लोक सारखे बटण दाबत, गाड्या थांबत आणि त्यांची रांग उतारावरून थेट हायवेपर्यंत जाई. तिथे वेगात येणारी एखादी गाडी मागून आदळली असती. हायवेवर आधीच वेग कमी करायला लावू, रांगेचा इशारा देणारे दिवे बसवू, असं तिने सुचवलं होतं. ते दुसऱ्या खात्याचं काम आहे, बघू, तोवर बटणाची वायर काढा, तात्पुरती, असं साहेब म्हणाले. तात्पुरत्या गोष्टी दीर्घायुषी असतात हे ठाऊक असूनही तिने वायर काढली. बटणाचा स्वतःचा तांबडा दिवा तेवढा तसाच राहिला. दाबलं की तो लागे. माणसाला वाटे, आपलं ऐकलं. सिग्नल मात्र स्वतःच्या ठरलेल्या वेळेलाच बदले.

वस्तीत या बटणाची जाहिरात दादाने केली होती. तिचा थोरला भाऊ पलीकडच्या कारखान्यात लेथवर होता. आमच्या चिमीने बसवलंय, दाबा आणि थांबा, धावाधाव करू नका, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आणि गेल्या हिवाळ्यात कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तोच बटण दाबून उभा होता. तो थांबला, आणखी थांबला, आणि शेवटी निघाला. उतारावरून आलेल्या गाडीने त्याला सायकलसकट उडवलं.

पायात सळई घालावी लागली. इस्पितळात पोलीस विचारायला आले, तेव्हा ती पलंगाशी संत्रं सोलत बसली होती. माझ्या बाजूला लाल होता, साहेब, चूक माझीच, असं दादाने सांगितलं. तिने संत्र्याच्या फोडीवरची एकेक शीर काढली, फोड त्याच्या हातावर ठेवली आणि पुढची सोलायला घेतली. त्यानंतर वहिनीने दादाला उठता-बसता ऐकवलं की केस पिकले तरी धीर कसा तो नाही, बहीण सिग्नल चालवते आणि भाऊ सिग्नल मोडतो. दादा मान खाली घालून हसे. ती जेवत असली तर ताटावरून उठून हात धुवायला जाई. वायर पुन्हा जोडायची म्हणजे ती काढलेली होती हे सांगणं आलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दादा कुबड्या सोडून चालायला लागला.

"वन्सं, तुम्ही इथे?"

वहिनीचा आवाज होता. अपघातानंतर दादा आज पहिल्यांदाच कामावर निघाला होता. सायकल त्याने काठीसारखी धरली होती आणि वहिनी त्याच्यामागे पहाऱ्यावर असल्यासारखी चालत होती.

"बटण बदलतेय," ती म्हणाली.

"बटण कशाला? माझा नवरा बदला. ते जास्त बिघडलंय."

दादाने डावा अंगठा खळग्यावर ठेवून दाबला. तांबडा दिवा लागला. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला. उतारावरून गाड्या येत होत्या, वळणावर जराही वेग न सोडता निघून जात होत्या. त्याचा दुखरा पाय थरथरू लागला तसा त्याने भार दुसऱ्या पायावर घेतला.

"मागच्यासारखं करू नका," वहिनी म्हणाली.

"नाही गं. दिवा लागलाय ना, म्हणजे सिग्नलला कळलंय. हिरवा येईल."

पेटीचं दार उघडंच होतं. लोंबणारं टोक तिच्या गुडघ्याशी होतं. तिने ते उचललं, त्याच्या जागी बसवलं आणि स्क्रू आवळला. स्क्रू पहिल्याच फटक्यात बसला.

"आता परत दाब, दादा."

त्याने दाबलं. गाड्यांचा सिग्नल पिवळा झाला, मग लाल. पहिली गाडी करकचून थांबली, तिच्यामागे दुसरी. समोर हिरवा माणूस उजळला.

वहिनी दोन पावलं पुढे गेली आणि वळली. दादा हलला नव्हता. त्याचा सगळा जन्म यंत्रांपाशी गेला होता. त्याने हिरव्या दिव्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग पेटीकडे आणि तिच्या हातातल्या पेचकसाकडे.

"एवढ्यात आला?" तो हळूच म्हणाला.

तिचा फोन वाजला. साहेब होते. रांग उतारावर चढायला लागली होती. कॅमेऱ्यात दिसतंय, काय बिघडलं, लवकर बघा मॅडम, असं ते घाईघाईने म्हणत होते. ती उठून उभी राहिली. दादाकडे पाठ फिरवायचा मोह झाला, पण ती त्याच्याकडे तोंड करूनच बोलली.

"काही बिघडलेलं नाही, साहेब. वर्षभर बटणाची वायर काढलेली होती, ती मी आत्ता जोडली. माझा भाऊ इथे थांबला होता तेव्हाही ती काढलेलीच होती. तुम्ही हायवेवर वेग कमी करायला सांगा. ही वायर मी आता काढणार नाही."